जुनी इटालियन गाडी ट्रॅकवर नेताना: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नाशिक आणि आसपासच्या गावांतून आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत. जुन्या अल्फा आणि फियाट जपणाऱ्या काही मंडळींनी थंडीत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एक दिवस गाड्या पळवायचा बेत केला आहे. शर्यत नाही, घड्याळही नाही, नुसता ट्रॅक डे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रे आटोपशीर केली आहेत.

प्रश्न: माझी 1967 ची अल्फा रोमिओ स्पायडर आहे, 1600 सीसीची, डाव्या स्टिअरिंगची. दर रविवारी त्र्यंबकपर्यंत जाऊन येते, कसलाही त्रास नाही. मेकॅनिक म्हणतो, ऑइल बदला आणि खुशाल जा. एवढे पुरेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: नाही पुरणार. त्र्यंबकच्या अख्ख्या फेरीत जेवढा जोराचा ब्रेक लागत नाही, तेवढा ट्रॅकवर एका लॅपमध्ये लागतो. जुनी गाडी ट्रॅकवर ताकद कमी पडली म्हणून सहसा थांबत नाही, ती उष्णतेने थांबते. आणि उष्णता आधी गाठते ती तेलाला आणि रबराला. म्हणून तयारीची सुरुवात इंजिनापासून न करता ब्रेक ऑइलपासून करा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते. डॉट हा या तेलाचा दर्जा. डॉट 4 चा नवा डबा किमान 230 अंशांना उकळतो, ओलावा मुरलेले तेच तेल 155 अंशांच्या आसपास. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, तेल उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल सरळ फ्लोअरला टेकते. तेल किती महिन्यांपूर्वी बदलले हे आठवत नसेल तर ते जुने आहे असेच धरा. अर्ध्या लिटरचे दोन सीलबंद डबे आणा आणि चारही चाकांतून नवे तेल येईपर्यंत जुने काढा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यायचे. तुमची गाडी डाव्या स्टिअरिंगची, म्हणजे मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे असा क्रम. उघडा राहिलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. सिलिकॉनचे डॉट 5 तर घालूच नका. ते दाबाखाली थोडे जास्त दबते आणि जुन्या तेलात मिसळत नाही. डॉट 5.1 मात्र चालते, नावातल्या साम्याने फसू नका.

सुरुवातीच्या या गाड्यांत ब्रेकचे सर्किट एकच असते. एक होज फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून रबरी होज बाहेरून ठीक दिसत असले तरी दहा वर्षांचे झाले असतील तर बदलाच. होज आतून फुगलेला असेल तर ब्रेक सोडल्यावरही तेल परत येत नाही आणि ते चाक घासत राहते. ओळखायला सोपे आहे. दहा किलोमीटर सावकाश चालवून या आणि चारही रिमजवळ हात न्या. एकाच चाकाशी चटका बसत असेल तर दोषी तिथे सापडला.

आता गाडीखाली जा. गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्यामध्ये रबराचे जाड गोल कपलिंग आहे. टॉर्च घेऊन शाफ्ट हाताने फिरवा आणि बोल्टच्या भोकांभोवती बघा. तिथून बाहेरच्या कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसल्या तर ते कपलिंग ट्रॅकवर न्यायचे नाही. ते तुटले की मोकळा झालेला शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीचे अॅल्युमिनियमचे घर फोडतो. काही हजारांच्या रबरापायी गिअरबॉक्स गमावणारे आजही भेटतात. त्याच बैठकीत पुढच्या खालच्या बॉल जॉइंटमध्ये पहारीने ढिलेपणा आहे का ते पाहा.

इंजिनाबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. अल्फाच्या या ट्विन कॅम इंजिनात हेड गॅस्केटबरोबर ऑइलच्या वाटांना सहा छोट्या रबरी रिंगा असतात. त्या वाळून कडक झाल्या की ऑइल कूलंटमध्ये उतरते. गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तपकिरी साय दिसली तर ट्रॅकचा विचार तूर्त सोडा. रविवारच्या फेरीत ही गळती चमचाभर असते, ट्रॅकच्या तापात ती वाढते.

इंजिन ऑइल 20डब्ल्यू-50 घ्या, जुन्या इंजिनांसाठीचे, झिंक-फॉस्फरसचे प्रमाण चांगले असलेले. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला हवी, कारण लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका कडेला जाते आणि पंप हवा ओढतो. वळणात प्रेशरचा काटा पडताना दिसला तर पाय उचला, दुसऱ्यांदा बघायची वाट पाहू नका. गरम इंजिनावर दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय हा जुना अंदाज इथेही चालतो.

दुसरा गिअर या गिअरबॉक्सची प्रसिद्ध दुखरी जागा आहे. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मनगट लावून ढकलू नका. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडा अॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच, मग दुसरा. ही सवय ट्रॅकच्या आधी गंगापूर रोडवरच लावून घ्या.

आणि चाकांचे नट. त्या काळच्या अल्फांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. ट्रॅकवर मदतीला आलेला उत्साही माणूस लांब पाना घेऊन नट सोडवतोय असे समजून आवळत बसतो आणि स्टड मोडतो. डाव्या चाकांच्या मडगार्डच्या आत मास्किंग टेपवर "उलटे आटे" असे लिहून चिकटवा. थोडे हसू होईल, स्टड वाचतील.

प्रश्न: माझी 1989 ची प्रीमियर पद्मिनी मित्रांना ट्रॅकवर चालेल का? ती इटालियन म्हणायची का हाही वाद आहे. शिवाय कसारा घाट उतरताना शेवटी शेवटी ब्रेक लागेनासा होतो.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: वाद मिटवू. पद्मिनीचे मूळ फियाट 1100, आणि तिच्या बॉनेटखाली तेच 1089 सीसीचे पुशरॉड इंजिन आहे. गंमत म्हणजे इटलीत 1962 मध्ये आलेल्या 1100 डी ला 1221 सीसीचे इंजिन होते, आपल्याकडे मात्र 1089 च चालू राहिले. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच 1100 गाड्या एके काळी शर्यतीत पळत. त्यामुळे रांगेत उभी राहायला तिला कुणाची परवानगी लागू नये.

खरा प्रश्न ब्रेकचा आहे. "ब्रेक लागत नाही" ही तक्रार एकच असली तरी कारणे तीन असू शकतात, आणि ती पेडलच सांगते.

पेडल खाली जाते, पण खाली गेल्यावर कडक लागते: ड्रम तापून फुगला आहे आणि त्याला आतून दाबणारे शू त्याच्यापर्यंत पोहोचायला जास्त प्रवास करतात. थंड झाले की सगळे ठीक. ड्रम लेथवर वारंवार तासून पातळ झाला असेल तर हे लवकर होते, कारण उष्णता साठवायला लोखंडच उरलेले नसते. सेटिंग करून काही काळ भागते, मर्यादेपलीकडचा ड्रम मात्र बदलावाच लागतो.

पेडल रबरी चेंडूसारखे मऊ लागते आणि दोन-तीनदा पंप केले की वर येते: तेल उकळले आहे. उपाय वरच्या उत्तरात आहे.

पेडल वर आहे, दगडासारखे घट्ट आहे, पाय दुखेपर्यंत दाबले तरी गाडी धावतेच आणि जळका वास येतो: लायनर तापून घसरत आहेत. स्वस्त लायनर असतील तर त्यांवर काचेसारखी चकाकी आलेली दिसेल. पॉलिश पेपर मारून चकाकी जाते, सवय मात्र जात नाही. चांगल्या प्रतीचे लायनर बसवा आणि ड्रमला टेकतात का ते बघा. नवा लायनर निम्म्याच भागावर टेकत असेल तर ब्रेकही निम्माच.

घाटात तर उत्तर जुनेच आहे: ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. ट्रॅकवर पद्मिनीसाठी सत्र छोटे ठेवा. एक लॅप तापवायला, दोन जोरात, एक पूर्ण थंड करायला, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर. हे कमी वाटेल, पण चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीला तेवढेच झेपते. सरळ रस्त्यावर ती इतरांच्या मागे पडेल, तिथे आरसा बघत राहा आणि वाट द्या.

प्रश्न: आता पंपावर सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. माझ्या गाडीला दोन वेबर 40 डीसीओई कार्ब्युरेटर आहेत. जेट बदलावे लागतील का? चेन्नईत वेगळे सेटिंग लागेल का?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर: दोन्हींचे उत्तर हो.

आधी हिशेब. शुद्ध पेट्रोलला 1 भागामागे 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण 13.5. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. म्हणजे मिश्रण जवळजवळ 8 टक्के पातळ होते. गावात याचा त्रास फक्त मिसिंग आणि आळशी पिकअप. ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलला पातळ मिश्रण म्हणजे जास्त तापमान आणि जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

वेबरच्या मेन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. 120 म्हणजे 1.20 मिमी. पेट्रोल जाते ते भोकाच्या क्षेत्रफळातून, त्यामुळे 120 चा 125 केला की क्षेत्रफळ सुमारे 8.5 टक्के वाढते. जवळपास हवे तेवढेच. तुमचे सेटिंग 10 टक्के इथेनॉलवर केलेले असेल तर निम्मीच दुरुस्ती लागेल. फक्त मेन जेट बदलून थांबू नका. साधारण 3000 आरपीएमपर्यंतचे काम आयडल जेट करते, तिथेही एक पायरी वाढवावी लागू शकते. एअर करेक्टर जेटला हात लावताना लक्षात ठेवा, तिथे मोठा आकडा म्हणजे वरच्या आरपीएमला पातळ मिश्रण.

आता चेन्नई. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, तो ट्रॅक जवळजवळ समुद्रसपाटीला. खाली हवा 6 ते 7 टक्के दाट. कार्ब्युरेटर त्यातला निम्मा फरक स्वतः भरून काढतो, उरलेले 3 ते साडेतीन टक्के मिश्रण पातळ होते. म्हणजे इथे अचूक लावलेली गाडी तिथे पातळच चालणार. 125 बरोबर 130 चा संच खिशात ठेवा आणि पहिले सत्र 130 वर काढा. जरा जाड मिश्रणाने वेग थोडा कमी होईल, पिस्टन शाबूत राहील. दाट हवेत सिलिंडर जास्त भरतो, त्यामुळे नॉकिंगही जास्त. इग्निशनचा अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, अगदी काठावर लावला असेल तर 2 अंश मागे घ्या.

प्लगचा रंग बघून निर्णय घेणाऱ्यांना एक इशारा: इथेनॉलवर प्लग तसाही फिकट दिसतो. शक्य असेल तर एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून वाचन घ्या, आणि ते पूर्ण थ्रॉटलवर घ्या, आयडलवर नव्हे.

जेट बदलण्याआधी मात्र कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले रबर-धातूचे माउंट तपासा. अल्फात ते हमखास चिरतात. इंजिन आयडलवर ठेवून प्रत्येक माउंटभोवती कार्ब क्लीनरची छोटी पिचकारी मारा. आरपीएम बदलले तर तिथून हवा आत जाते आहे. पिचकारी गार इंजिनावर, एक्झॉस्टपासून लांब, आणि हाताशी फायर एक्स्टिंग्विशर ठेवून मारायची. चिरलेल्या माउंटवर मोठे जेट लावणे म्हणजे फाटक्या पिशवीत जास्त धान्य भरणे.

पेट्रोलचे जुने होज इथेनॉलने मऊ पडतात किंवा चिरतात. नव्या होजवर एसएई जे30 आर9 असे छापलेले हवे. टाकीतला गंज सुटून फिल्टर भरतो, म्हणून निघण्याआधी एक फिल्टर बदला आणि एक बरोबर घ्या.

पेट्रोलमध्ये नेमके किती इथेनॉल आहे हे घरी कळते. 100 मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घ्या, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटे ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर 10 वरच राहिला तर इथेनॉल नाही, 28 च्या आसपास गेला तर 20 टक्के. हे अंगणात करा, देवघराशेजारी नको.

प्रश्न: चेन्नई 1200 किमीच्या पुढे आहे. त्यापेक्षा पहाटे सिन्नरहून समृद्धीवर चढून गाडीचा जोर काढला तर?
— एक वाचक, सिडको

उत्तर: नको. समृद्धी सार्वजनिक रस्ता आहे, कमाल मर्यादा 120. मोटार वाहन कायद्याचे कलम 189 सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणाऱ्यासाठीच आहे. शिवाय जुन्या गाडीला जो ताण तपासायचा, म्हणजे ब्रेक, वळण, पुन्हा थ्रॉटल, तो सरळ काँक्रीटवर कळतच नाही. तिथे फक्त टायर कळतात, आणि तेही फुटल्यावर. चेन्नई लांब वाटत असेल तर पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राची चौकशी करा. मालेगाव, धुळे, सेंधवा करत 400 किमीच्या आसपास पडते आणि उंचीही नाशिकसारखीच, म्हणजे जेटची भानगड नाही. तिथे चाचणी केंद्राचे नियम आणि आधी घेतलेली परवानगी लागते.

प्रश्न: ट्रॅकवर नुकसान झाले तर विमा मिळेल का? आणि गाडीची व्हिंटेज नोंदणी केली तर ट्रॅक डेला अडचण येईल का?
— दोन वाचक, इंदिरानगर आणि देवळाली कॅम्प

उत्तर: पॉलिसी काढा आणि "वापराच्या मर्यादा" हा परिच्छेद वाचा. खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याने देण्याबरोबरच संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे ही शर्यत नाही असा युक्तिवाद करता येईल, पण तो करायची वेळ येते तेव्हा गाडी आधीच भिंतीला लागलेली असते. कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. बहुतेक वेळा उत्तर "नाही" येते, तेव्हा स्वतःच्या खर्चाची तयारी ठेवूनच ट्रॅकवर उतरा.

व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै 2021 मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या, व्यावसायिक नसलेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी ते आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येते. गाडी रस्त्यावर काढता येते ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी. या यादीत ट्रॅक डे हा शब्द नाही. त्यामुळे अशी गाडी ट्रॅकपर्यंत चालवत न नेता ट्रेलरवर न्यावी आणि आरटीओकडून लेखी खुलासा घ्यावा. देवळालीच्या वाचकांची गाडी 1980 ची आहे, तिचा हा प्रश्न 2030 पर्यंत येत नाही.

प्रश्न: फियाट 124 स्पायडर घेतली. आधीच्या मालकाने सांगितले, टायमिंग बेल्ट सहा वर्षांपूर्वी बदलला, पण गाडी फक्त 4000 किमी चालली. बदलू का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर: बदला. रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत, वर्षे कळतात. एकाच जागी उभ्या गाडीत बेल्ट महिनोन्महिने त्याच दात्यांवर वाकलेला असतो. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात आणि मग हिशेब हेड उतरवण्यापासून सुरू होतो. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत तीन-चार वर्षांपेक्षा जुना बेल्ट ठेवू नये.

बेल्टबरोबर टेन्शनरचे बेअरिंगही घ्या. जुने बेअरिंग हाताने फिरवले की खरखर जाणवते. खुणा जुळवून बेल्ट बसवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. कुठे अडले तर जोर लावू नका, परत जुळवा. कॅमच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवायचे नाही. समोरच्या क्रँक सीलमधून ऑइल झिरपत असेल तर तेही आत्ताच बदला, कारण ऑइलने भिजलेला नवा बेल्ट जुन्यासारखाच.

जाता जाता: हे इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचे, जे फियाटमध्ये येण्याआधी फेरारीची इंजिने करत. 1966 मध्ये दोन कॅम रबरी दातेरी बेल्टवर चालवून ते मोठ्या संख्येने बनवणे हे धाडसच होते. त्या धाडसाचे भाडे आपण दर चार वर्षांनी भरतो, इतकेच.

प्रश्न: द्वारका चौकात सिग्नलला उभे राहिले की काटा लालकडे जातो, ओझरच्या रस्त्याला लागलो की खाली येतो. ट्रॅकवर काय होईल?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर: उभ्याने तापते आणि वेगात थंड होते, म्हणजे हवा कमी पडते आहे. पंख्याचा बेल्ट सैल, पंखा उलटा बसवलेला, किंवा इलेक्ट्रिक पंख्याचा स्विच उशिरा लागणारा. ट्रॅकवर लॅप घेताना हे जाणवणार नाही, पिटच्या रांगेत जाणवेल. तिथली रांग म्हणजे चेन्नईतला द्वारका चौकच. उलट, वेगात तापत असेल तर रेडिएटरचा कोअर भरलेला, मिश्रण पातळ किंवा टायमिंग मागे असते.

बोअरचे पाणी घालत असाल तर तिथेच थांबा. त्यातला क्षार अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आणि कोअरमध्ये थर धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. काही ठिकाणी ग्लायकॉलचे कूलंट ट्रॅकवर चालत नाही, कारण सांडले तर ऑइलइतकेच घसरडे होते आणि पाण्यासारखे लवकर वाळत नाही. आयोजकांना विचारा. चालत नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात फक्त गंजरोधक घाला. ओव्हरफ्लोच्या नळीला बाटली हवीच.

कॅपचा दाब मूळ जेवढा तेवढाच ठेवा. दर 1 पीएसआयला उकळबिंदू दीड अंशाने वाढतो, हे खरे, पण जुना कोअर आणि हीटरचा होज तो दाब सोसतीलच असे नाही.

प्रश्न: हेल्मेट स्कूटरचेच चालेल का? आणि बाबांना शेजारी बसवायचे आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: स्कूटरच्या हेल्मेटच्या आतले कापड आगीला टिकणारे नसते. कारसाठी स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एसए शिक्का असलेले घ्या, एम शिक्का मोटरसायकलचा. शिक्क्याचे वर्ष किती जुने चालते ते आयोजक सांगतील. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, सिंथेटिक वितळून कातडीला चिकटते. बूट पातळ तळव्याचे.

बाबांना बसवण्याआधी तीन गोष्टी. आयोजकांची परवानगी, त्यांनाही तसेच हेल्मेट, आणि नीट बसवलेला सीट बेल्ट. जुन्या स्पायडरमध्ये बेल्ट मुळात नसतो किंवा नंतर कुणीतरी पत्र्याला बोल्ट मारून लावलेला असतो. बेल्टचा बोल्ट 7/16 इंच यूएनएफचा हवा, आणि पत्र्यामागे जाड प्लेट हवी. उघड्या गाडीला रोलबार नसेल तर बाबांना पिटच्या भिंतीमागून चहा घेत बघू द्या.

प्रश्न: प्रत्यक्ष ट्रॅकवरचे वेळापत्रक कसे ठेवावे? पहिलीच वेळ आहे.
— नाशिक, सिन्नर आणि मालेगावच्या अनेक वाचकांकडून

उत्तर: आधी तारीख. चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. जानेवारी, फेब्रुवारी बघा.

गाडी ट्रेलरवर नेत असाल तर पट्टे चाकांना बांधा, बंपरला किंवा अॅक्सलच्या नळ्यांना नाही. स्पायडर चढवताना रॅम्पच्या टोकाशी दोन लाकडी फळ्या ठेवल्या तर सायलेन्सर घासत नाही. शंभरेक किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. 3518 म्हणजे 2018 चा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, गोटे कितीही खोल असले तरी, या कामाला नको. हवा सकाळी थंड टायरवर मोजा आणि वहीत लिहा. तापमान दर 5-6 अंश वाढले की 1 पीएसआय चढतो. सत्रानंतर लगेच मोजून चारही आकडे शेजारी लिहा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा 3-4 पीएसआयने जास्त चढले तर तिथे ब्रेक घासतोय.

पेट्रोल एक तृतीयांशच्या खाली जाऊ देऊ नका. वळणात टाकीतले पेट्रोल कडेला जाते आणि पंप हवा ओढतो, गाडी मिस करते आणि माणूस इग्निशन शोधत बसतो. हा ट्रॅक 3.7 किमीचा. सहा-सहा लॅपची चार सत्रे म्हणजे जवळजवळ 90 किमी, आणि दोन वेबरची गाडी पूर्ण थ्रॉटलला लिटरमागे 4-5 किमी देते. 20 लिटर नुसत्या ट्रॅकसाठी धरा.

पहिल्या सत्रात घाई नको. पाण्याचा काटा लवकर वर येतो, ऑइल दहा मिनिटे मागे असते. तोवर 4000 आरपीएमच्या वर जाऊ नका. पिटमध्ये आल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, बॉनेट उघडून टॉर्चने ऑइल, पेट्रोल आणि ब्रेक ऑइलच्या गळत्या बघा. 2 किलोचा फायर एक्स्टिंग्विशर धातूच्या ब्रॅकेटमध्ये, बसल्या जागेवरून हात पोचेल असा. पावडरपेक्षा क्लीन एजंट बरा, पावडर इंजिनातल्या अॅल्युमिनियमला आणि वायरिंगला पुढे महिनाभर खात राहते.

झेंडे पाठ करा. पिवळा: पुढे धोका, ओव्हरटेक नाही. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा: रस्ता घसरडा, बहुधा कुणाचे तरी ऑइल. निळा: मागून वेगवान गाडी. लाल: सत्र थांबले. काळा: पिटमध्ये या. काळ्यावर नारिंगी गोळा: तुमच्याच गाडीत बिघाड किंवा गळती, लगेच बाहेर निघा. हा शेवटचा जुन्या इटालियन गाड्यांना जास्त वेळा दिसतो, मनाला लावून घेऊ नका.

सत्राचा शेवटचा लॅप ब्रेक शक्य तितका न लावता काढा. वाऱ्यानेच डिस्क आणि ड्रम थंड होतात. पिटमध्ये उभे राहिल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, बॉनेट उघडून मिनिटभर आयडलवर चालू द्या. रेडिएटरचे झाकण अजिबात उघडायचे नाही. आणि हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ड्रमला शू एकाच जागी दाबून ठेवले तर ड्रम थंड होताना त्याचा आकार बिघडू शकतो. डिस्कवर पॅडचा मसाला त्या एकाच जागी चिकटतो आणि पुढच्या सत्रात प्रत्येक ब्रेकला गाडी थरथरते. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवा. ठोकळा नाशिकहूनच न्या. तिथे वेळेवर सापडते ती वीट, आणि वीट फुटते.